शिंगं नसलेला दोक्केबी

१४ सप्टेंबर, सोल

बॉमसू दादा,

शिंगं काढताना त्याला दुखलं का?

हा प्रश्न काल मला एका सात वर्षांच्या मुलीने विचारला. मला उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही. म्हणून तुला लिहायला बसले आहे.

दर शनिवारी संग्रहालयात शाळांची मुलं येतात आणि मी त्यांना दालनातून फिरवते. तू घडवलेला मातीचा दोक्केबी तिथे काचेच्या पेटीत बसलेला आहे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. पोट पुढे काढून, एक डोळा मिटून, हातात खराट्याचा दांडा धरून बसलेला, तो. त्या भट्टीतून तीनच वाचले होते ना, त्यांतला एक. मी मुलांना नेहमीचं सांगत होते. जुना खराटा किंवा झिजलेलं मुसळ टाकून दिलं की त्यात दोक्केबी शिरतो. वाटेत माणूस दिसला की त्याला कुस्तीला बोलावतो. कुट्टूच्या वड्या समोर ठेवल्या की सगळं भांडण विसरतो. मग मी म्हटलं, गोष्टीच्या पुस्तकांत त्याच्या डोक्यावर शिंगं दिसतात ती आपली नव्हेत, आपल्यावर परक्यांचं राज्य होतं तेव्हा शाळेच्या पुस्तकांतून ती आली. आम्ही ती काढली आहेत.

त्या मुलीने काचेला नाक लावलं. कानाच्या वर एक बारीक भेग आहे, मी ती लुगदीने भरली होती. ती तिला दिसली आणि तिने विचारलं. तिची बाई हसली. मी म्हटलं, चला, पुढच्या पेटीकडे.

आता घरचं. बाबा आपली रांजणांची भट्टी पाडणार आहेत. पाच नोव्हेंबरला माणसं येतील. त्यांचा खांदा आता चाकावर फार वेळ टिकत नाही, आणि पहिले तीन दिवस मंद आग राखत बसायला कुणी नाही. खालच्या भट्टीच्या दाल्हो आजोबांनी त्यांना सांगून पाहिलं, पोराला बोलाव. बाबा म्हणाले, "ज्याला आगीची घाई होते, त्याला मी भट्टीच्या सावलीतही उभा करणार नाही." तुझं नाव घेतलं नाही. घेतच नाहीत.

दादा, त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. माणसाच्या हातून घाई होते. चुसॉकच्या सणाला घरी ये. बाबांपुढे एकदा वाकलास, चुकलो म्हणालास, तर ते विरघळतील असं मला खात्रीने वाटतं. भट्टी वाचेल. एवढ्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे?

तुझा फोन लागत नाही. कोजेच्या जहाज कारखान्याचा हा पत्ता ओकबुन मावशीने दिला. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

तुझी
उन्बी


७ ऑक्टोबर, घरून

दादा,

मागचं पत्र मिळालं असेल तर त्यातला शेवटचा भाग फाडून टाक. तुला वाकायला सांगणारा.

काल चुसॉक झाला. तू आला नाहीस. पितरांचं पान मांडताना मी चुकून तुझा प्यालाही काढला. बाबांनी तो उचलला, पुसला आणि परत फळीवर ठेवला. तांदळाच्या पिठाचे सोंगप्यॉन यंदा मी वळले. ते बघून ओकबुन मावशी म्हणाली, "विद्यापीठात हे शिकवत नाहीत वाटतं? हे चंद्रकोरीसारखे व्हायला हवेत, तू तर जोडे केलेस." बाबा हसले. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि लगेच मला उठून बाहेर जावंसं वाटलं.

बाहेर गेले तर पाय वाळवणीच्या खोपटाकडे वळले. फळ्या रिकाम्या आहेत. तुझी बांबूची सुरी अजून तिथेच, खिळ्याला लटकते आहे. तीच मी वापरली होती.

आता सांगते. एकदाच सांगेन, कारण दुसऱ्यांदा लिहायला बसले तर मी त्यात सोयीचं काहीतरी घालीन, हे मला माझ्याबद्दल आता कळलं आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या प्रदर्शनाला तीन आठवडे राहिले होते. आमच्या प्राध्यापकांनी विषय दिला होता, आपला खरा दोक्केबी. माझा लेख छापून आला होता, त्यात मी लिहिलं होतं की आमच्या घरच्या भट्टीत शिंगं नसलेले दोक्केबी घडवले जात आहेत. तुला मी हे छापून आल्यावर सांगितलं. तू चाकाजवळ उकिडवा बसून कोपरापर्यंत चिखलाने माखलेला होतास. आठवतं?

"शिंगांशिवाय मी भट्टीत घालत नाही," तू म्हणालास.

मी तुला अर्धा तास ऐकवलं. कुठलं चित्र कुठून आलं, कुणी छापलं, आपल्या जुन्या गोष्टींत काय आहे आणि काय नाही. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "उन्बी, माझ्या शिंगांना कुठली भाषा येते गं? मला तर कधी काही बोलली नाहीत."

मला वाटलं तू माझी चेष्टा करतो आहेस. वाटलं, आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला हे कसं कळणार. हे मी तेव्हा मनात म्हटलं होतं, दादा. ती शाळा कुणासाठी सोडली होती हे माहीत असून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू मासे खारवायचे रांजण घेऊन बंदरावर गेलास, बाबा पलीकडच्या गावी मयताला गेले. जेवणवेळ टळून गेली होती. खोपटात छत्तीस दोक्केबी ओळीने वाळत होते. मी एकेक मांडीवर घेतला, सुरीने शिंगं उडवली, जागा ओली केली, माती भरली आणि अंगठ्याने गुळगुळीत केली. बहात्तर शिंगं. ती आत पोकळ होती, एवढं दिसलं. का पोकळ होती हे मी स्वतःला विचारलं नाही. त्या आठवड्यात भट्टी भरताना मीच म्हटलं, मूर्ती मी लावते, तू रांजण बघ. त्यांची तोंडं मी भिंतीकडे करून ठेवली.

पहिल्या दिवशीच, अगदी मंद आगीत, आतून फुटण्याचे आवाज यायला लागले. ओल्या लाकडासारखे. तू गुडघ्यांवर बसून भट्टीच्या तोंडात बघत होतास आणि बाबा मागे उभे राहून मोजत होते. तेहतीस. आग थांबवता येत नव्हती, आत दोनशे रांजण होते. पाच दिवस तू ती राखलीस. उघडली तेव्हा मूर्तींचे तुकडे रांजणांच्या झिलईत रुतून भाजले होते. एकही रांजण धड निघाला नाही. मठाने मागवलेले सोयाचे मोठे चाळीस होते, तेही नाहीत.

एवढंच सांगायचं होतं. मी शिंगं काढली. तुला कळलं नसणार, म्हणून सांगितलं.

उन्बी


२० ऑक्टोबर, घरून

दादा,

तुला माहीत होतं.

रजा वाढवून घेतली आहे. बाबांना सांगायचं ठरवलं, पण तोंडाशी येऊन परत जात होतं, म्हणून म्हटलं आधी ओकबुन मावशीला सांगून बघू. ती कुट्टूच्या वड्या कापत होती. मी सगळं सांगितलं. तिने सुरी थांबवली नाही.

"तीन वर्षं लागली?" ती म्हणाली. "पदवी तर चार वर्षांत मिळवलीस."

"मावशी, तुला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक असायचंय? मी वड्या विकते. जा, मागच्या ओळीत शेवटचा रांजण बघ. त्याच्या पोटावर कागदाचा मोजा उलटा चिकटवलाय, तो."

रांजणातलं नासू नये, काही वाईट शिरू नये म्हणून आपण तसा कागद लावतो. मला वाटलं आत जुना सोया असेल. झाकण काढलं तर पेंढा. पेंढ्यात डोकी. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. काही अर्धी, काहींचा नुसता कपाळाचा तुकडा. आणि प्रत्येकाच्या कानावर, जिथे शिंग असायला हवं, तिथे माझ्या अंगठ्याचा ठसा. पक्का भाजलेला. रेघा मोजता येतील इतका स्पष्ट.

मला आता आठवलं, भट्टी उघडल्यावर बाजूच्या दारातून तू एकटा आधी आत सरपटत गेलास. फार वेळ बाहेर आला नाहीस. बाबा ओरडले, "झोपलास का आत?" तू पोतं ओढत बाहेर आलास आणि म्हणालास, "खापऱ्या पायात येतील म्हणून काढल्या."

"त्याच दिवशी घेऊन आला होता," मावशी म्हणाली. "म्हणाला, उन्बी आली तरी दाखवायचं नाही. मी म्हटलं, का रे, ती काय लहान आहे? म्हणाला, तिची नोकरी अजून व्हायचीय."

मी तिथेच ओट्यावर बसले. मावशीने माझ्यासमोर वड्यांची ताटली ठेवली. खा म्हणाली नाही. तिच्या रांजणांच्या मध्ये तुझा एक जुना दोक्केबी आहे ना, शिंगवाला, ज्याला ती दर वर्षी मासेमारीच्या आधी वडी दाखवते. मी तो उचलून मांडीवर घेतला. शिंगाच्या टोकाला सुईएवढं भोक होतं. दोन्ही शिंगांना.

"मावशी, हे काय आहे?"

"अगं, त्याला श्वास नको घ्यायला? पोटात ओल असते. बॉमसू म्हणायचा, पोटाला भोक पाडलं तर लोक म्हणतात, फुटका आहे. शिंगात पाडलं तर कुणाला दिसत नाही. चिलीम ओढतो तसा तो आग लागली की शिंगांतून वाफ सोडतो." मग म्हणाली, "तुझ्या पुस्तकात नव्हतं का हे?"

नव्हतं. पण तुला विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. भोकाला मी तोंड लावून फुंकर मारली आणि दुसऱ्या शिंगावर हात धरला. हवा आली.

वाचले ते तीन का वाचले हेही आता कळलं. त्यांच्यावर मी भरलेली माती नीट बसली नव्हती. तिला भेग गेली, आणि भेगेतून त्यांनी श्वास घेतला. ती भेग मी लुगदीने भरली आणि पेटीवर पाटी लावली, "पारंपरिक भट्टी. संकल्पना: उन्बी." तुझं नाव घातलं नाही. बाबांना आवडणार नाही असं कारण मी स्वतःला दिलं होतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, एवढंच सांगायचं होतं. ते खोटं होतं. अजून एक राहिलं आहे. तू तिथे होतास, तुला सांगायची गरज नाही. तरी लिहिते, कारण ते माझ्या हाताने लिहिलं गेलं पाहिजे.

त्या दिवशी भट्टीसमोर बाबा फुटलेल्या रांजणांत उभे होते. दाल्हो आजोबा होते, दुसऱ्या भट्ट्यांची माणसं होती. मी सातूच्या चहाची किटली धरून उभी होते. बाबा माझ्याकडे वळले. त्यांनी बाकी कुणाला विचारलं नाही. म्हणाले, "उन्बी, तू शिकलेली. तू सांग. दोष मातीचा की आगीचा?"

आपल्या घरात पहिल्यांदा कुणी बाईमाणसाला भट्टीबद्दल काही विचारत होतं. आणि मी म्हटलं, "आगीचा असेल, बाबा."

तू माझ्याकडे पाहिलंस. पोतं तोवर मावशीकडे पोचलं होतं. तू म्हणालास, "हो. मीच घाई केली."

तिसऱ्या दिवशी तू गेलास. आगीची घाई करणाऱ्याला आपल्या खोऱ्यातली कुठलीच भट्टी दारात उभं करत नाही, हे तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं. तुझ्या हातांना जहाजाच्या पत्र्याला रंग मारायचं काम मिळालं आहे असं मावशी सांगते. ते हात मला संग्रहालयात रोज पेटीत दिसतात, खराट्याचा दांडा धरलेले. तू दोक्केबीची बोटं आपल्या बोटांवरून करायचास, करंगळी जरा वाकडी.

उन्बी


८ नोव्हेंबर, घरून

दादा,

गेल्या आठवड्यात सोलला जाऊन आले. संग्रहालयाच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग हा खरा दोक्केबी नव्हेच." मी म्हटलं, तो खराच आहे, पाटी खोटी आहे. पाटीवर काय लिहायचं ते मी लिहून नेलं होतं: घडवणारा बॉमसू, शिंगं त्याच्या नकळत उन्बीने काढली. त्या म्हणाल्या, अशी पाटी इथे लावता येत नाही. मग मी मूर्ती मागितली आणि नोकरी सोडल्याचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. येताना पाच तास बसमध्ये दोक्केबी माझ्या मांडीवर होता. शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाळ आहे वाटलं." मी म्हटलं, भावाचा आहे.

पाच तारखेला भट्टीचा निरोप होता. बाबांनी सगळं रीतीने केलं. डुकराचं डोकं, सुकवलेला मासा, वाडगाभर माकॉल्ली, तांदळाची दारू. खोऱ्यातल्या तिन्ही भट्ट्यांचे मालक आले. पाडणारी माणसं गाडीत बसून तंबाखू ओढत होती. बाबांनी दोनदा नमस्कार घातला, दाल्हो आजोबांनी घातला. मग मी पुढे झाले. सगळ्यांना वाटलं मीही नमस्कार घालणार. मी मावशीच्या रांजणातली डोकी टोपलीत आणली होती. ती मी चौरंगावर ओळीने मांडली. जागा पुरेना, तेव्हा डुकराचं डोकं सरकवलं.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही मला विचारलं होतंत, दोष मातीचा की आगीचा. मी चुकीचं उत्तर दिलं. आग बरोबर होती. दादाने ती जशी राखायला हवी तशीच राखली होती. शिंगं मी काढली. त्या शिंगांतून वाफ जायची होती."

पाडणाऱ्यांपैकी एकजण खाली उतरून बघायला आला, त्याला दाल्हो आजोबांनी हाताने थांबवलं.

बाबांनी एक डोकं उचललं. पालथं केलं, आतून पाहिलं, कानावरच्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवला. बसला नाही. मग ते माझ्यापुढे धरलं.

"अंगठा ठेव."

मी ठेवला. माझा अंगठा थोडा मोठा झाला.

"भट्टीत माती दहात एक आक्रसते," ते म्हणाले. सांगितलं मला नाही, स्वतःलाच. मग दुसरं डोकं उचललं, त्यावर ठेवायला लावला. मग तिसरं. अशी सगळी. तेहतीस डोकी होईपर्यंत ते थांबले नाहीत. माझं मनगट त्यांनी धरून ठेवलं होतं. शेवटचं झालं तेव्हा दाल्हो आजोबा म्हणाले, "अरे, पोराला आपणच हाकललं."

बाबा म्हणाले, "मी. तुम्ही नव्हे."

माणसांना त्यांनी परत पाठवलं. भट्टी उभी आहे. किती दिवस ते मला माहीत नाही. संध्याकाळी ते खोपटामागे गेले. आग सारायचा तुझा लोखंडी गज तिथे गवतात पडला होता, तो त्यांनी शोधून आणला, वाळूने घासला आणि भट्टीच्या तोंडाजवळच्या त्याच्या खिळ्याला अडकवला. नंतर मावशीकडून तुझा पत्ता लिहून घेतला. कागद अंगरख्याच्या खिशात आहे. रोज काढून बघतात आणि परत ठेवतात. वाचता येत नाही असं नाही. काय लिहायचं ते येत नसावं.

माझ्याशी ते बोलत नाहीत. जेवायला वाढलं की जेवतात. बरोबर आहे ते.

तू ये म्हणून हे लिहिलेलं नाही. आता ते मी मागू शकत नाही. तुझा दोक्केबी मावशीच्या रांजणांमध्ये, शिंगवाल्याच्या शेजारी ठेवला आहे. लुगदी मी खरवडून काढली. भेग उघडी आहे. मावशीने दोघांपुढे एकेक वडी ठेवली आणि म्हणाली, "हा रोडावलाय."

तू मावशीला म्हणाला होतास, उन्बीला दाखवायचं नाही. मला माहीत आहे, आत्ताही तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, जाऊ दे, तुझी नोकरी आहे, बाबा म्हातारे झालेत, आता कशाला. छान समजावलं असतंस. आणि मी तुझं ऐकलंही असतं.

म्हणून तुला आधी विचारलं नाही. सांगून झालं आहे.

उन्बी